वाचकांचे प्रश्न : हरणाच्या शिकारीला कोणतं कॅलिबर?

प्रश्न : नवरा एच-१बी व्हिसावर आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या हंगामात ऑफिसच्या मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं म्हणतो. एक मित्र .२४३ विंचेस्टर घे म्हणतो, दुसरा .३०-०६. कोणती घ्यावी?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : ओहायोत या दोन्ही चालणार नाहीत. तिथे हरणासाठी रायफल वापरायची तर काडतूस सरळ भिंतीचं लागतं आणि कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात) .३५७ ते .५० च्या दरम्यान. तुम्ही लिहिलेली दोन्ही काडतुसं पुढे बाटलीसारखी निमुळती होतात. .३०-३० सुद्धा त्याच कारणाने बाद, जुनी असली तरी. सपाट, दाट वस्तीच्या मुलखात गोळी फार लांब जाऊ नये म्हणून हा नियम आहे.

नवशिक्यासाठी आमची निवड .३५० लेजंड. नावात .३५० असलं तरी गोळी .३५७ ची धरली जाते, म्हणून ओहायोत ते चालतं. २०१९ मध्ये आलेलं हे काडतूस १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं बारीक माप) गोळी सेकंदाला सुमारे २,३०० फुटांनी सोडतं, आणि धक्का सौम्य. १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० यार्डांवर गोळी सात ते नऊ इंच खाली येते. म्हणून १५० यार्डांपलीकडे बार टाकू नये. .४५० बुशमास्टर जास्त ताकदीचं आहे, पण पहिल्या हंगामात तो धक्का कशाला?

आता कॅलिबरहून महत्त्वाचं. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकी केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवाना असेल तर मुख्य सूट मिळते. म्हणजे क्रम असा : आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग दुकान. मित्राची रायफल हातात घेणं हेही बाळगणंच. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरात राहिली, तर सूटही संपली. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. खरेदीआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचाराच. इथली चूक व्हिसावर येते.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची, अंगाने बारीक. माझी .३०८ तिला सोसत नाही, चाप ओढताना डोळे मिटते. रँचवर व्हाइटटेल हरणं आहेत, चितळही. .२४३ कमी पडेल का?
— एक वाचक, सॅन अँटोनिओ, टेक्सास

उत्तर : कमी पडणार नाही, गोळी नीट निवडली तर. साडेसात पाउंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का नऊ-दहा फूट-पाउंड (ऊर्जेचं माप), ६.५ क्रीडमूरचा बारा-तेरा, .३०८ चा सोळा-सतरा. डोळे मिटून मारलेल्या .३०८ पेक्षा जागेवर बसलेली .२४३ केव्हाही बरी. जखमी जनावर झाडीत निघून जाणं यासारखं वाईट काही नाही, आणि ते कॅलिबर लहान पडल्याने जितकं होतं त्याहून कितीतरी जास्त गोळी चुकीच्या जागी बसल्याने होतं.

.२४३ मध्ये फसगत होते ती काडतुसांच्या खोक्यावरचं वजन न पाहिल्याने. ५५-५८ ग्रेनच्या गोळ्या कायोटीसारख्या लहान जनावरांसाठी असतात. हरणाच्या खांद्याच्या हाडावर त्या फुटतात, जखम मोठी दिसते पण फुप्फुसापर्यंत काही पोहोचत नाही. ९० ते १०० ग्रेनची, शक्यतो बाँडेड (आतलं शिसं बाहेरच्या आवरणाला पक्कं जोडलेली) किंवा अखंड तांब्याची गोळी घ्या. हरीण आडवं उभं असावं, नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. समोरून किंवा मागून बार नको.

चितळासाठी मात्र आम्ही ६.५ क्रीडमूरकडे झुकू. मोठा नर ७०-९० किलोंचा असतो, आणि १४० ग्रेनची लांब गोळी आत खोल जाते. १९३२ मध्ये टेक्सासात आणलेला हा आपल्याकडचा प्राणी तिथे परका धरला जातो, म्हणून त्याला बंद हंगाम नाही. परवाना मात्र लागतोच. (भारतात त्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

दस्त्याची लांबीही पाहा. मोठ्या माणसाचा दस्ता लहान मुलीला लांब पडतो, मान पुढे ताणली जाते आणि दुर्बिणीची कड भुवईवर आपटते. डोळा दुर्बिणीपासून साडेतीन इंच तरी राहायला हवा. सरावात मॅगझिनमध्ये तिच्या नकळत एखादं डमी काडतूस घाला. चाप ओढला, बार झाला नाही आणि नळी झटकन खाली गेली, तर दचकणं अजून गेलेलं नाही.

प्रश्न : मांस घरीच शिजवतो. शिशाची गोळी चालेल?
— एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. इतरत्रही, लहान मुलं किंवा गरोदर बाई त्या ताटात जेवणार असतील तर तांब्याचीच घ्या, कारण शिशाचे बारीक कण जखमेपासून कित्येक इंच दूर पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून .३०८ मध्ये १६५ ऐवजी १३० किंवा १५० ग्रेन. ही गोळी उमलायला, म्हणजे आदळल्यावर फुलून रुंद व्हायला, वेग लागतो. किमान वेग उत्पादकाच्या माहितीत पाहा आणि तुमच्या अंतरावर तेवढा उरतो का ते तपासा.

प्रश्न : दुकानात दुर्बीण बसवून बोअरसाइट करून दिली, म्हणजे बार न टाकता दुर्बीण नळीच्या रेषेत आणून दिली. तेवढं पुरे?
— एक वाचक, डेन्व्हर, कोलोरॅडो

उत्तर : नाही. त्याने गोळी फक्त कागदावर येते. २५ यार्डांवरून सुरू करा, तीन बार, मग दुरुस्ती. पाव मिनिटाच्या (एक क्लिक म्हणजे पाव मिनिटाचा कोन) दुर्बिणीत १०० यार्डांवर एक इंचाला चार क्लिक, पण २५ यार्डांवर सोळा. तिथेही चारच देऊन लोक वैतागतात. मग १०० यार्डांवर, नळी थंड होऊ देत, शिकारीला न्यायचं तेच काडतूस वापरा. १५० वरून १६५ ग्रेनवर गेलात तर पुन्हा पहिल्यापासून. नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडे जाते, तेव्हा हंगामाआधी कोरडी पट्टी फिरवून दोन बार टाकून ठेवा. तुमच्या राज्यात हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, ७० ग्रेनची उमलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. तरी त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून पाहाच.