पेशी ज्या द्रव माध्यमात वाढवल्या त्यात मायोसिलिन या प्रथिनाचा पट्टा दिसला, म्हणजे पेशींनी ते स्रवले असे मानावे का?

मानू नये. डोळ्यातला द्रव बाहेर वाहून नेणाऱ्या ट्रॅबेक्युलर मेशवर्क या जाळीच्या पेशींना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यावर माध्यमाच्या ब्लॉटवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत) ५५ ते ५७ किलोडाल्टन वजनाच्या आसपास पट्टा उमटतो, एवढेच तुमच्या प्रश्नावरून कळते.

पीएच.डी. करत असताना याच मुद्द्यावर माझा एका वरिष्ठांशी कडाक्याचा वाद झाला होता. पट्टा आहे म्हणजे स्राव आहे, आता लिहायला घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. रोपणासाठी कॉर्नियाचा मधला भाग काढून घेतल्यावर उरलेली कड नेत्रपेढीकडून मिळायची आणि तिच्यातल्या या जाळीतून पेशी वाढवायला आठवडे लागायचे, म्हणून कंट्रोलसाठी आणखी फ्लास्क खर्ची घालणे त्यांना उधळपट्टी वाटे. मी तोच ब्लॉट धुऊन त्यावर एरवी पेशीच्या आत असणारे अ‍ॅक्टिन हे प्रथिन तपासले, तर माध्यमाच्या लेनमध्येही (त्या नमुन्याच्या रांगेतही) अ‍ॅक्टिनचा ठसठशीत पट्टा आला. पेशी फुटत होत्या आणि आतला माल बाहेर सांडत होता. शिवाय माध्यमात सीरम, म्हणजे गाईच्या रक्तातला द्रव, होते. त्यातल्या आयजीजी या गाईच्या अँटिबॉडीची जड साखळी साधारण ५० किलोडाल्टनची असते आणि पट्टा दिसावा म्हणून वापरलेली दुय्यम अँटिबॉडी तिलाही धरू शकते. त्यावर त्यांचे उत्तर होते, ‘एवढा कीस कोणी काढत नाही.’

काढायलाच हवा. मायोसिलिनच्या जनुकाचा काचबिंदूशी असलेला संबंध १९९७ साली उघड झाला आणि पुढे असे दिसले की, निरोगी मायोसिलिन पेशीबाहेर पडते, तर ३७०व्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन आलेले मायोसिलिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या प्रथिने घडवणाऱ्या पेशीतल्या भागातच अडकून पडते. जिथे आजाराचा उलगडाच प्रथिन बाहेर पडते की आत अडकते यावर अवलंबून आहे, तिथे गळती आणि स्राव यांत फरक न करणारा प्रयोग कशाच्या कामाचा?

तेव्हा सीरमविरहित माध्यम घाला, ते गोळा करून सेंट्रिफ्यूज करा, शेजारच्या लेनमध्ये पेशींचा अर्क लावा, एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारे एन्झाइम) मोजा आणि काही तास स्राव रोखणारे ब्रेफेल्डिन-ए देऊन माध्यमातला पट्टा फिका होतो का ते पाहा. सीरम काढल्याने पेशींवर ताण येतो, हे मात्र ध्यानात ठेवा. काही मायोसिलिन एक्झोसोमसारख्या पुटिकांबरोबरही (पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्यांबरोबरही) बाहेर पडते आणि त्या पुटिकांत अ‍ॅक्टिनही सापडते, त्यामुळे केवळ अ‍ॅक्टिनवरून निकाल देऊ नका. वरिष्ठांनी हा आक्षेप घेतला असता तर मी तो मान्य केला असता. त्यांचा आक्षेप फ्लास्कच्या खर्चाला होता.

अँटिबॉडी कोणतीही घ्या, पण मायोसिलिन नसलेल्या पेशींवर ती आधी तपासा.