थोरांची छायाचित्रे बैठकीत लावताना

प्रश्न : आमचे गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात आहे. धाब्याचे जुने घर उतरवून यंदा स्लॅबचे घर बांधले. जुन्या घराच्या छपरीत आजोबांनी गांधीजी, बाबासाहेब, भगतसिंग आणि पंडित नेहरू यांच्या तसबिरी आढ्याखाली ओळीने लावल्या होत्या. त्यांतल्या दोन वाळवीने खाल्ल्या, तर एकीचा कागद काचेला चिकटला. नव्या बैठकीत याच नेत्यांची जुनी कृष्णधवल छायाचित्रे मोठ्या आकारात लावावीत, अशी माझी इच्छा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटो फ्लेक्सवर छापून आणला, पण चेहरा पुसट आला. थोरांच्या चित्रांनी घर सजवणे वडिलांनाही पटत नाही. काय करावे?

उत्तर : वडिलांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती रास्त आहे. पडद्याच्या रंगाला शोभते म्हणून एखाद्या नेत्याचा चेहरा भिंतीवर आणला, तर तो चार दिवसांत कॅलेंडरसारखा नजरेआड होतो. म्हणून माझा आग्रह असा की, चार चेहऱ्यांची ओळ पुन्हा मांडण्याऐवजी ज्याची हकीकत घरातल्या लहानग्यालाही सांगता येईल, असे एक किंवा फार तर दोन छायाचित्रे निवडावीत आणि प्रत्येकाखाली वर्ष, ठिकाण व छायाचित्रकाराचे नाव लिहावे.

अशी छायाचित्रे आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहेत. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहावयास आले आणि तेथील त्यांचे दिवस त्यांच्या चुलत नातवाने, कनू गांधी यांनी, टिपले. फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचे नाही आणि आश्रम खर्च देणार नाही, या तीन अटींवर गांधीजींनी त्यांना परवानगी दिली होती. त्यामुळे या छायाचित्रांत खिडकीतून येईल तेवढाच उजेड आहे आणि गांधीजी कॅमेऱ्याकडे न बघता आपल्या कामात आहेत. याउलट, अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात पुढे मोठा चरखा आहे आणि त्यामागे जमिनीवर बसलेले, उघड्या अंगाचे गांधीजी कागद वाचत आहेत. ते काढू देण्यापूर्वी बर्क-व्हाइट यांना सूत कातायला शिकण्यास सांगण्यात आले होते. बैठकीसाठी मी यांतले एखादे निवडीन, कारण त्यात चेहऱ्याबरोबर कामही दिसते.

भगतसिंगांबाबत थोडी काळजी घ्यावी लागेल. पिवळ्या पगडीतले, घरोघरी दिसणारे रूप हे चित्रकारांनी रंगवलेले आहे. हॅट घातलेले छायाचित्र मात्र खरे असून ते १९२९ मध्ये, ८ एप्रिलच्या असेंब्लीतील बाँबप्रकरणाच्या काही दिवस आधी, दिल्लीच्या एका स्टुडिओत काढलेले आहे. त्या तरुणाची थेट नजर रंगवलेल्या चित्रांत हरवते. बाबासाहेबांच्या निळ्या सुटातल्या पोस्टरचेही तसेच आहे. श्रद्धेने ते जरूर लावावे, पण छायाचित्र हवे असेल तर कृष्णधवलच घ्यावे.

आता छपाईकडे येऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि फ्लेक्स हे माध्यम दहा-पंधरा फुटांवरून बघण्यासाठी असते. आपला चेहरा पुसट येण्यामागे ही दोन्ही कारणे असणार. बारा इंच रुंदीची चांगली प्रत हवी असेल, तर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने फाईल ३,६०० ठिपके रुंद असावी. निम्म्यात भागते, पण त्याखाली जाऊ नये. फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, मॅट फोटो पेपरवर छापून घ्यावी आणि चेहरा ‘गुळगुळीत’ करू नये, असे ऑपरेटरला आवर्जून सांगावे. जुन्या फिल्मचा दाणा, म्हणजे तिचा बारीक ठिपक्यांचा पोत, हा त्या छायाचित्राचा भागच आहे. कनू गांधी वापरत त्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याची चौकट चौरस असते. तिची प्रत उभ्या फ्रेमसाठी कापली, तर कडेची माणसे आणि वस्तू गमावतात. आपल्या कायद्यानुसार छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे असतो (२०१२ पूर्वी तो प्रकाशनापासून मोजला जाई), तेव्हा हक्क संपल्याची खात्री नसेल तर परवानगी विचारावी किंवा विकत घेतलेलीच प्रत लावावी.

काचेला कागद चिकटण्याचे कारण दमट हवा हे आहे. आपल्याकडे पावसाळा तर आहेच, पण एप्रिलपासून जून सरेपर्यंत कूलर ओली हवा खोलीत ओततो आणि ती नेमकी समोरच्या भिंतीवर आदळते. म्हणून फ्रेमवाल्याकडून काच व कागद यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट (माउंट) घालून घ्यावी, म्हणजे दोहोंत फट राहते. मागचा हार्डबोर्ड कडांनी कागदी पट्टीने बंद करावा आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावावेत, जेणेकरून फ्रेम भिंतीपासून सुटी राहील व मागे वाळवी चढलीच तर तिची मातीची वाट वेळेत नजरेस पडेल. नव्या स्लॅबच्या भिंती पहिला पावसाळा पूर्ण सुकत नाहीत. शक्य असल्यास दिवाळीनंतरच खिळा ठोकावा. पश्चिमेच्या खिडकीसमोरची जागा टाळावी.

आजोबांनी तसबिरी वर, थोड्या पुढे झुकवून लावल्या असतील. सतरंजीवर बसलेल्या माणसाला काचेची चमक न येता चेहरा दिसावा, अशी ती सोय होती आणि तिच्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. आपल्या बैठकीत खुर्च्या असतील, तर छायाचित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवावा. गादी-तक्क्याची बैठक असेल, तर चार फुटांवर.

प्रश्न : आमच्याकडे १९४२च्या चळवळीतील एका सभेचा मूळ फोटो आहे. तोच भिंतीवर लावावा का? (वाचक, अमरावती जिल्हा)

उत्तर : मुळीच लावू नये. तो एकच आहे आणि उजेडाने एकदा उतरलेला फोटो परत उजळत नाही. तो इंचाला ६०० ठिपक्यांवर स्कॅन करून घ्यावा आणि भिंतीवर प्रत लावावी. मूळ फोटो साध्या, आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. लॅमिनेशन तर करूच नये. फोटोमागे कोणी नावे लिहिली असतील, तर ती बाजूही त्याच दिवशी स्कॅन करून ठेवावी.