वर्गणी वाढवू की राजीनामा देऊ?

प्रश्न : ताई, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा मी दोन वर्षं सचिव आहे. सभासद १४२, वार्षिक वर्गणी २०० रुपये. गेल्या वर्षी ९७ जणांनीच भरली, म्हणजे १९,४०० रुपये जमले. पूर्वी शाळेची खोली फुकट मिळायची, ती गेली. आता दर गुरुवारी हॉलला ६०० रुपये मोजतो. चहाला दर वेळी अडीचशे, झाडलोट, स्टेशनरी, ऑडिट मिळून वर्षाला सहा हजार, आणि वर्धापनदिन व कोजागिरी मिळून २१ हजार. देणग्या २४ हजारांच्या आल्या. उरलेली तूट आमचे अध्यक्ष खिशातून भरतात. वर्गणी ६०० करावी म्हटलं तर सभेत गदारोळ झाला : ‘आम्ही चार घटका बसायला येतो, त्याचे कसले पैसे?’ शिवाय किल्ली, फोन, खुर्च्या सगळं माझ्याच अंगावर आहे. घरचेही कुरकुरतात. राजीनामा द्यावा असं वाटतं. काय करू?
— एक सचिव, चिपळूण

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचताना आमच्या संघातलं माझं पहिलं वर्षच डोळ्यांसमोर आलं. सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यावर महिन्याभरात माझ्याकडे खजिनदारकी आली, ती अकरा वर्षं टिकली. तुमचा हिशेब मी वहीत मांडून बघितला. हॉलचे वर्षाला ३१,२००, चहाचे १३,०००, बाकीचे ६,०००. एकूण ५०,२००. हा दार उघडं ठेवण्याचा खर्च. वर्धापनदिन आणि कोजागिरी हा हौसेचा. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत घातलेत, आणि भांडणाचं मूळ तिथंच आहे. जी व्यक्ती फक्त गुरुवारी येते तिला मसाला दुधाचे आणि मंडपाचे पैसे आपल्याकडून का, असं वाटतंच. तिचं चुकत नाही.

दार उघडं ठेवण्याचा खर्च तेवढा वर्गणीतून काढा. सणाच्या कार्यक्रमाला वेगळी पट्टी काढा, येणाऱ्यांनी भरायची, आणि जितके जमतील तितक्यात करायचा. एखाद्या वर्षी जमले नाहीत तर कोजागिरी कुणाच्या तरी गच्चीवर होईल, दूध घरून येईल. आमच्याकडे दोनदा तशी झाली आणि गप्पा जास्त रंगल्या.

आता ५०,२०० भागिले १४२ केलं तर माणशी ३५४ येतात. सगळे भरणार नाहीत, पंधरा जण सोडून द्या. १२७ जणांचे ४०० प्रमाणे ५०,८०० होतात. तेव्हा वर्गणी ४०० करा, ६०० नको. महिन्याला तेहेतीस-चौतीस रुपये. हा आकडा फळ्यावर खर्चासकट लिहा. पन्नास कप चहाला दोन लिटर दूध, अर्धा किलो साखर, शंभर ग्रॅम पावडर, आलं, गॅस, हे सगळं ओळीनं लिहा. घर चालवलेल्या माणसांना दुधाचा भाव सांगावा लागत नाही. आमच्याकडे असा तक्ता लावला त्या दिवशी एकानंही हिशेब विचारला नाही. उलट एक काकू म्हणाल्या, ‘साखर कमी लिहिलीत हो, आपल्याकडे सगळे गोड पितात.’

पण आधी राहिलेल्या ४५ जणांकडे जा. वर्गणी न भरण्याची कारणं वेगवेगळी असतात. कुणी विसरलेलं असतं, कुणाला कुणी विचारलेलंच नसतं, कुणी सहा महिने मुलाकडे मुंबईला असतं. आणि काहींकडे खरोखर नसतात. ईपीएस-९५ चं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेचं, किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर आहे. अशा घरात ४०० रुपये एकदम काढणं ही साधी गोष्ट नाही.

इथं मी केलेली एक चूक सांगते, तुम्ही करू नका. दुसऱ्या वर्षी मी थकबाकीदारांची यादी दाराजवळच्या फळ्यावर लावली. बँकेतली सवय. यादीत एका आजींचं नाव होतं. नेहमी पुढच्या खुर्चीवर बसायच्या, भजनाला पहिला आवाज त्यांचा. त्या गुरुवारी त्या दारापर्यंत आल्या, फळा वाचला आणि चप्पल न काढताच परत गेल्या. चार महिने आल्या नाहीत. शेवटी मी घरी गेले, तेव्हा त्यांनी रुमालाची गाठ सोडून दहा-दहाच्या नोटा आणि नाणी माझ्या हातात मोजून ठेवली. त्या वर्षीची वर्गणी होती दीडशे. मी ती घेतली, कारण परत करणं त्यांना अधिक लागलं असतं. पावती लिहिताना माझा हात थरथरत होता. यादी त्याच संध्याकाळी काढली आणि कार्यकारिणीत ठराव केला : कुणाची वर्गणी माफ करायची किंवा हप्त्यानं घ्यायची हे फक्त खजिनदार आणि अध्यक्ष ठरवतील, नाव बाहेर जाणार नाही. ते पंधरा जण मी मघाशी बाजूला ठेवले ते यासाठी.

अध्यक्षांनी भरलेले पैसे तुमच्या आकड्यांवरून २७,८०० होतात. त्यांचं मन मोठं आहे, पण ही सवय संघाला घातक आहे. आमचे अध्यक्षही असेच भरायचे. एका जूनमध्ये ते कायमचे मुलीकडे राहायला गेले आणि तेव्हा कळलं की हॉलच्या भाड्याचा निम्मा भार त्यांच्यावर होता. तीन महिने आम्ही बागेतल्या बाकांवर बसलो, तेही भर पावसाळ्यात. तेव्हा त्यांनी दिलेल्या प्रत्येक रुपयाची देणगी म्हणून पावती फाडा, जमाखर्चात दाखवा आणि पुढच्या वर्षीपासून ही रक्कम कमी करत आणा.

कागदपत्रांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. संघ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेला असेल, तर कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. ३१ मार्चला हिशेब बंद करायचे, सहा महिन्यांत लेखापरीक्षण. आमच्या आधीच्या दोन कार्यकारिणींनी बदल अर्जच दिले नव्हते. बँकेत सह्या बदलायला गेलो तर खात्यावर दिवंगत खजिनदारांची सही. खातं सुरळीत व्हायला सात महिने गेले आणि तेवढे दिवस चहाचं दूध मी घरच्या पैशातून आणलं. तुमच्या फाइलमध्ये शेवटच्या बदल अर्जाची पोच आहे का, ते आजच बघा.

आता तुमच्याबद्दल. जमाखर्चात दुधाचे पैसे दिसतात, तुमचे पाय दिसत नाहीत. मी एकदा महिनाभर छोटी वही ठेवली. किल्ली आणणं, खुर्च्या मांडणं, बँक, वक्त्याला फोन, आजारी माणसाला भेटणं, माइक दुरुस्तीला नेणं, प्रत्येकाला किती वेळ लागला ते टिपलं. ४३ तास भरले. ती वही मी सभेत वाचून दाखवली, तक्रार म्हणून नव्हे, कामाची यादी म्हणून. मग वाटणी झाली. किल्ल्या दोन केल्या. चहा आळीनुसार पाळीनं. फोनसाठी पाच जण, प्रत्येकाकडे पंचवीस-तीस नावं. फोनची कामं बायकांनी मागून घेतली, आणि त्यातूनच एकटं राहणाऱ्या कुणाला ताप आलाय, कुणाकडे गडी येईनासा झालाय हे आम्हाला वेळेवर कळू लागलं. वर्गणी वसुलीपेक्षा या फोनचा मला जास्त आधार वाटायचा.

घरच्यांची कुरकुरही ऐका. गुरुवार सोडून संघाचा फोन रात्री आठनंतर घ्यायचा नाही, एवढं स्पष्ट सांगून टाका. लोक समजून घेतात.

राजीनामा आत्ता देऊ नका, पण पुढच्या सचिवाचं नाव मात्र आत्ताच शोधा आणि त्याला वर्षभर सहसचिव करा. वार्षिक सभेची नोटीस घटनेत लिहिलेल्या मुदतीत काढा, खर्चाचा तक्ता नोटिशीला जोडूनच लावा, म्हणजे लोक घरी बसून वाचतील आणि चिडायचं ते घरीच चिडून येतील. ठरावात ४०० हा आकडा, दोन हप्ते, आणि माफीचा अधिकार कुणाला, हे तिन्ही एकत्र मांडा. आणि पावतीपुस्तकाचं टेबल दाराशी ठेवू नका. ते चहाच्या टेबलाच्या पलीकडे ठेवा. माणसं आधी आत येऊ देत, बसू देत, चहा घेऊ देत.