हातवारे, हावभाव की देहबोली?

सदाशिव पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय : मुलीने वक्तृत्व स्पर्धेसाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर भाषण लिहिलं. त्यात 'किंग हातवारे करत म्हणाले' असं वाक्य होतं. शाळेतल्या बाईंनी 'हातवारे' खोडून 'हावभाव' केलं. बरोबर काय?

ताई, बाईंना खटकलं ते योग्यच, पण दुरुस्ती मला पटली नाही. लक्ष्मी रोडच्या गर्दीत पलीकडच्या फुटपाथवरून बहीण 'तू हो पुढे, मी आलेच' हे जे हातानेच सांगते, ते हातवारे. आवाज पोचत नाही म्हणून हात कामाला लागतात. भाषणाबद्दल बोलताना मात्र या शब्दाला 'नुसतेच हातवारे, मुद्दा काही नाही' अशी नावं ठेवणारी छटा येते. 'हावभाव' आला नाट्यशास्त्रातल्या नायिकेच्या शृंगारचेष्टांमधून. शृंगार केव्हाच गेला, अभिनय राहिला. शाळेत आपण कविता 'हावभावांसह' म्हणायचो ना, तोच.

'देहबोली' अलीकडचा शब्द, पण मला फार आवडतो. क्रियापदं पाहा. हातवारे करतात, हावभाव करतात, आव आणतात. देहबोली कुणी करत नाही. ती असते, दिसते, बदलते. आणि किंग यांच्या 'माझं एक स्वप्न आहे' या गाजलेल्या भाषणात ती डोळ्यांदेखत बदलते. २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टनचं लिंकन स्मारक, समोर सुमारे अडीच लाख माणसं. किंग लिहून आणलेलं वाचतायत, नजर पुन्हा पुन्हा कागदावर. जवळच असलेल्या गायिका महेलिया जॅक्सन ओरडून सांगतात, त्यांना स्वप्नाबद्दल सांग, मार्टिन! मग कागद मागे पडतो, मान वर येते, नजर माणसांवर राहते. शेवटाकडे उजवा हात उंच जातो. लेकीला ती चित्रफीत एकदा आवाज बंद करून दाखवा. कागद सुटला तो क्षण तिला बरोबर सापडेल.

तेव्हा सबंध भाषणाविषयी लिहायचं तर 'किंग यांची देहबोली' हेच. पण तिच्या वाक्यात एकच क्षण आहे, तिथे यातला एकही शब्द नको. जे दिसलं तेच लिहावं. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये पदक घेतल्यावर, राष्ट्रगीत सुरू असताना, अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली, मान खाली घातली. याला हावभाव म्हणवेल का? तसंच इथेही : 'उजवा हात उंचावून किंग म्हणाले'. बाई हे खोडणार नाहीत.