‘किल -९’ देऊनही प्रोसेस का मरत नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवर बॅकअपची प्रोसेस अडकली आहे. रूट म्हणून ‘किल -९’ (प्रोसेसला सक्तीने मारणारा नऊ नंबरचा सिग्नल) दिलं, एरर आली नाही, पण प्रोसेस तशीच आहे. सिग्नल मध्येच हरवतो का?

उत्तर : हरवत नाही. सिग्नल पाठवला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्या प्रोसेसच्या नोंदीत एक बिट लावतो आणि ती उठवण्याजोग्या झोपेत असेल तर तिला उठवतो, एवढंच. पुढचं काम, हँडलर (सिग्नल आल्यावर चालायचं प्रोग्रॅममधलं फंक्शन) चालवणं असो की मरणं, प्रोसेसला स्वतःलाच करावं लागतं, आणि तेही कर्नलमधून युजर मोडमध्ये (प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडकडे) परतताना. ती तिथवर आलीच नाही, तर नऊ नंबरचा सिग्नलही ताटकळतो.

आधी ‘पीएस -ओ पीआयडी,स्टॅट,डब्ल्यूचॅन -पी’ आणि पुढे प्रोसेसचा नंबर (पीआयडी) द्या. स्टॅटमध्ये ‘झेड’ दिसला तर ती झॉम्बी आहे, म्हणजे मेलेलीच आहे. तिच्या पालक प्रोसेसने वेट() केलेलं नाही, म्हणजे तिच्या मरणाची दखल घेतलेली नाही. पालक बंद करा, इनिट (सिस्टिमची पहिली प्रोसेस) तिचा निकाल लावेल. ‘डी’ दिसला तर मात्र ती सिग्नलला न जुमानणाऱ्या झोपेत आहे, बहुतेक वेळा डिस्क किंवा नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या उत्तरासाठी.

खात्री करायची तर ‘/प्रॉक/पीआयडी/स्टेटस’ उघडून ‘सिगपीएनडी’ ही ओळ बघा. आकडा हेक्स (प्रत्येक अंक म्हणजे चार बिट) असतो आणि पहिल्या सिग्नलचा बिट सर्वांत उजवीकडे. म्हणून शेवटी १०० दिसलं तर नवव्या सिग्नलचा बिट लागलेला आहे, तुमचा सिग्नल दारात उभा आहे. त्याच फोल्डरमधली ‘स्टॅक’ फाइल (रूटच वाचू शकतो) प्रोसेस कोणत्या फंक्शनमध्ये अडकली ते सांगते. १२० सेकंदांहून जास्त अडकलेल्या प्रोसेसची तक्रार बहुतेक डिस्ट्रोंत ‘डीमेसेज’मध्येही (कर्नलच्या लॉगमध्ये) उमटते.

हा हट्ट कर्नल विनाकारण करत नाही. ड्रायव्हरने डिव्हाइसला मेमरीचा पत्ता देऊन ठेवलेला असतो. प्रोसेस मध्येच मारून ती मेमरी दुसऱ्या कुणाला दिली आणि डिव्हाइसने उशिरा तिथे डेटा लिहिला, तर भलत्याच प्रोसेसचा डेटा खराब होईल. म्हणून इलाज प्रोसेसवर नाही, ती ज्याची वाट बघतेय त्यावर करायचा : नेटवर्क परत आणा, अडकलेला माउंट (जोडलेलं स्टोरेज) ‘यूमाउंट -एफ’ने काढा, डिव्हाइस रिसेट करा. नाहीच जमलं तर रीबूट. २.६.२५ या कर्नलपासून ‘टास्क_किलेबल’ ही मधली अवस्था आली आहे, तिच्यात झोपलेली प्रोसेस फक्त जीवघेण्या सिग्नलने उठते. एनएफएस (नेटवर्कवरची फाइल सिस्टिम) तीच वापरतो, त्यामुळे तिथे १५ नंबर (‘किल’चा नेहमीचा सिग्नल) चालला नाही तरी ९ चालतो.

प्रश्न : बटण दाबलं की आमचं कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडलेला कोड) इंटरप्टमधून (हार्डवेअरने सीपीयूला दिलेल्या हाकेतून) अॅपला सिग्नल देतं. अॅपचा पीआयडी आम्ही व्हेरिएबलमध्ये ठेवतो. नव्या कर्नलवर कोड कंपाइल होत नाही, आणि जुन्यावर कधीकधी भलतीच प्रोसेस मरते.

उत्तर : पहिली अडचण किरकोळ आहे. ४.२० पासून कर्नलच्या आत ‘स्ट्रक्ट कर्नल_सिगइन्फो’ (सिग्नलची माहिती ठेवणारा स्ट्रक्ट) लागतो, आणि ‘फाइंड_टास्क_बाय_व्हीपीआयडी’ हे पीआयडीवरून प्रोसेस शोधणारं फंक्शन मॉड्यूलला मिळत नाही.

दुसरी अडचण गंभीर आहे. पीआयडी हा नुसता आकडा. अॅप बंद पडलं की तो दुसऱ्या प्रोसेसला मिळू शकतो, आणि ‘सिगयूएसआर१’ला (अॅपच्या वापरासाठी मोकळ्या ठेवलेल्या सिग्नलला) हँडलर नसेल तर ती प्रोसेस मरते. शिवाय इंटरप्टमध्ये ‘करंट’ म्हणजे त्या क्षणी सीपीयूवर असलेली कुणीही प्रोसेस, त्यामुळे कंटेनर (पीआयडींची वेगळी मोजणी असलेले कप्पे) असले तर आकड्याचा अर्थच बदलतो. आकडा ठेवू नका. आयऑक्टलमध्ये (अॅपने ड्रायव्हरला केलेल्या कॉलमध्ये) असताना ‘गेट_टास्क_पीआयडी(करंट, पीआयडीटाइप_टीजीआयडी)’ने रेफरन्स घ्या, इंटरप्टमध्ये ‘किल_पीआयडी(पीआयडी, सिगयूएसआर१, १)’ वापरा आणि रिलीजमध्ये (डिव्हाइस बंद होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) ‘पुट_पीआयडी’ विसरू नका.

पण हे सगळं हाताने करायची गरज फारशी पडत नाही. घटना घडली की अॅपला सिग्नल देण्याची तयार सोय कर्नलमध्येच आहे : ड्रायव्हरच्या ‘फॅसिंक’ मेथडमध्ये ‘फॅसिंक_हेल्पर’ बोलवा, घटना घडली की ‘किल_फॅसिंक(&रांग, सिगआयओ, पोल_इन)’. अॅपमध्ये क्रम महत्त्वाचा : आधी सिगॲक्शनने हँडलर, मग एफसीएनटीएलने ‘एफ_सेटओन’, शेवटी ‘ओ_असिंक’ (सिग्नल सुरू करणारा फ्लॅग). उलटं केलं आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं, तर सिगआयओचा डिफॉल्ट परिणाम म्हणून अॅपच बंद पडेल. हँडलरमध्ये प्रिंटएफ किंवा मॅलॉक नको. मेन प्रोग्रॅम त्याच लॉकमध्ये असताना सिग्नल आला तर सगळं जागीच थिजतं. ‘व्होलाटाइल सिग_अॅटॉमिक_टी’ फ्लॅग लावून परत या. नव्याने लिहीत असाल तर आमचा कौल सिग्नलऐवजी सरळ पोल()लाच (घटनेची वाट बघणारा कॉल).

प्रश्न : लागोपाठ १०० सिगयूएसआर१ पाठवले, हँडलर मोजकेच वेळा चालला. असं का?

उत्तर : नेहमीच्या सिग्नलला एकच बिट असतो, लागलेला बिट पुन्हा लावून तो दोन होत नाही. मोजणी हवी असेल तर रिअल-टाइम सिग्नल सिगक्यू()ने पाठवा, ते रांगेत थांबतात. कोडमध्ये आकडा न लिहिता ‘सिगआरटीमिन’ लिहा, कारण ३२ आणि ३३ जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) स्वतःसाठी राखून ठेवते. रांगेची मर्यादा ‘यूलिमिट -आय’ दाखवतो. ती भरली की ‘ईअगेन’ ही एरर मिळेल, ती तपासा.

प्रश्न : आमच्या मॉड्यूलमधल्या कर्नल थ्रेडला ‘किल’ लागू पडत नाही.

उत्तर : कर्नल थ्रेड सगळे सिग्नल दुर्लक्षितच करतात. थ्रेड थांबवायला ‘केथ्रेड_स्टॉप’ आणि लूपमध्ये ‘केथ्रेड_शुड_स्टॉप’ची तपासणी पुरते. सिग्नलच हवा असेल तर थ्रेडमध्ये ‘अलाव_सिग्नल’ बोलवा आणि सिग्नल आल्यावर ‘फ्लश_सिग्नल्स’ करा. ते राहिलं तर ‘वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल’ न झोपताच ‘-ईरीस्टार्टसिस’ देऊन परतत राहील आणि तो थ्रेड एक अख्खा कोअर १०० टक्के खाईल.