आपल्यात मासा ग्रिल का नाही करत? मनूला पत्र

मनू,

तुझी व्हॉइस नोट ऐकली, मागे मिक्सर चालू होता तरी प्रश्न कळला. मे महिन्यात क्लासवरून घामाघूम होऊन आल्यावर गॅससमोर उभं राहून तळणबिळण नको वाटतं, रील्समध्ये सगळे मासा मॅरिनेट करून पटकन ग्रिल करतात, मग आपणच का नाही करत, आणि आजी म्हणते की "ताजा मासा एकतर तळायचा नाहीतर कालवणात टाकायचा, भाजायचं ते सुकं", हे खरंय का. फोनवर सांगायला बसलो तर तू मधेच "हो बाबा कळलं" करून ठेवून देशील म्हणून लिहूनच पाठवतोय, नीट वाच.

आजी खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतेय. तिच्या माहेरी उरणकडे चूल होती तोवर ताजा मासाही निखाऱ्यावर भाजला जायचा, बांगडा तर हमखास, हळद-मीठ चोळायचं, केळीच्या पानात गुंडाळायचं आणि जेवणं होऊन चूल विझत आली की निखाऱ्यात सारायचं, तेल नाही की तवा नाही. मग १९७० ला सिडको आली, जमिनी गेल्या, बिल्डिंगी उभ्या राहिल्या, घराघरात गॅस आला आणि निखारे गेले. गॅसवर सगळ्यात सोपं काय तर तवा, म्हणून तळलेला मासा हाच आपला मासा होऊन बसला, आणि भाजणं उरलं ते सुक्या बोंबलापुरतं कारण तो नुसता बर्नरवर धरला तरी भाजतो. त्यात १ जूनपासून मोठ्या बोटींना बंदी, म्हणून मेमध्ये आजीची आगोट भरायची गडबड, सुके बोंबील, जवळा, सुकट डब्यात भरून ठेवायचे आणि पावसाभर ते भाजून खायचे. तिच्या डोक्यात भाजणं म्हणजे पाऊस आणि सुकं असं फिट बसलंय, त्यात तिची काही चूक नाही.

आता मुद्द्याचं. तू म्हणतेस आपल्याकडे मॅरिनेशन नसतं. अगं आजी मासा धुतल्या धुतल्या त्याला हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ नाहीतर आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, चोळून बाजूला ठेवते आणि मग वाटणाच्या मागे लागते, ते काय असतं मग? मीठ आत मुरतं, आंबटाने माशाचा उग्र वास जातो आणि मांस जरा घट्ट होतं म्हणजे उलटताना मोडत नाही. रीलवाल्यांचं लिंबू, ऑलिव्ह ऑइल आणि कसलीतरी वाळकी पानं, त्यापेक्षा हे कमी नाही. तुला आजीची पद्धत बदलायचीच नाहीये, फक्त शेवटचा रवा काढायचा आहे आणि त्याच्या जागी तेल वाटणातच घालायचं आहे, झालं. रवा काय किंवा तांदळाचं पीठ काय, ते तव्यावरचं तेल पितं तेव्हा कुरकुरीत होतं, ग्रिलवर त्याला प्यायला तेलच नसतं म्हणून ते कोरडं पांढरं राहतं आणि दाताखाली कचकच लागतं. तुझ्या मैत्रिणीकडे झालेला तो "वाळूवाला" मासा आठवतोय ना, तो त्यानेच.

एक गोष्ट मात्र घड्याळ लावून कर. आंबट लावून मासा अर्ध्या तासाच्या वर ठेवायचा नाही, पापलेटसारख्या पातळ माशाला वीस मिनिटं बास. चिकन रात्रभर ठेवतात म्हणून मासा पण ठेवायचा असं नसतं, माशाचं मांस नाजूक, आंबटाने ते कच्चं असतानाच शिजल्यासारखं पांढरं पडायला लागतं आणि मग ग्रिलवर गेलं की भुसा होतो. लिंबाने हे सगळ्यात लवकर होतं म्हणून लिंबू पानात वाढल्यावर पिळायचं, आधी नाही. आगळ वापरलंस तर मिठाचा हात आखडता घे कारण विकतच्या आगळात मीठ असतंच.

मासा कुठला घ्यायचा. तुझ्या ॲपवरून बासा मागवू नकोस, तो मूळचा व्हिएतनामकडचा, काटा नाही हे खरं पण सगळा पाणचट, जाळीवर ठेवला की अर्धा जाळीतून खाली. सीवूड्सहून दिवाळे गावचा मासळी बाजार किती लांब आहे, रिक्षा कर आणि आजीला घेऊन जा, ती बरोबर असली की मासेवाल्या मावशी भाव पण जपून सांगतात. सुरुवातीला आख्खं पापलेट घे, मध्यम, हाताच्या पंज्याएवढं, दोन घेतलीस तर तुम्हा तिघींना पुरतील. अगदी लहान असतील तर घेऊ नकोस, मावशीने स्वस्त लावली तरी नाही. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा केलंय, पण पिल्लंच ओरपली तर मोठं कुठून मिळणार. बघायचं कसं तर कल्ल्याच्या जवळ अंगठ्याने दाब, दुधासारखं पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर नाहीतर मळकट आलं की पुढच्या पाटीकडे जा. डोळा आत गेलेला नको, आणि पोटावर बोट दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर नकोच नको. हे सगळं आजी न बघता नुसत्या बोटाने ओळखते, तिला करू दे, तू बाजूला उभी राहून बघ. जिताडा मिळाला तर मात्र पापलेट सोड आणि तो घे, तुकड्या जाड करून घे, खाडीतल्या जिताड्यापुढे सुरमईबिरमई सगळं झूट, हे मी आगरी आहे म्हणून नाही बोलत, बरं थोडं त्यामुळेच बोलतोय. सुरमई ग्रिलला जरा कोरडी पडते. रावस चांगला पण तुझ्या आईला भाव ऐकून चक्कर येईल.

साफ मावशीच करून देतील, डोकं टाकू नका म्हणून सांग, ते घरी कापून आजीच्या कालवणाला काढायचं, आणि दोन्ही बाजूंनी तिरक्या तीन-तीन चिरा मारून घे, काट्याला लागेपर्यंत. घरी आल्यावर धुवून हळद अर्धा चमचा, मीठ पाऊण चमचा, आगळ दोन चमचे, चिरांच्या आत बोट घालून चोळ. तोवर वाटण कर, मूठभर कोथिंबीर, सात-आठ लसूण, इंचभर आलं, दोन-तीन हिरव्या मिरच्या, पाणी न घालता, आणि मिक्सरमधून काढल्यावर त्यात दोन मोठे चमचे तेल आणि दीड चमचा आजीचा मसाला. मिक्सरला पाणी लागतंच असं तू म्हणशील, तर पाण्याऐवजी तेच तेल घाल. दही घालू नकोस, हॉटेलवाले तंदुरीला घालतात ते ठीक आहे पण मासे आणि दूध-दही एकत्र म्हटलं की आजी ताटावरून उठेल, बंगाली लोक मस्त खातात हे तिला सांगून बघितलं तर "मग तिकडेच जा" असं ऐकायला लागेल. वाटण लावायच्या आधी माशाला सुटलेलं पाणी ओतून दे आणि किचन टॉवेलने वरवर टिपून घे, ही पायरी सगळे टाळतात आणि मग मासा चिकटला म्हणून रडतात, ओला मासा आधी वाफेत शिजतो आणि मग जाळीला धरून बसतो.

बाल्कनीत सिगडी पेटवायचा विचार पण करू नकोस, वरच्या काकू खाली यायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येईल. आपला केकचा ओटीजी, तो छोटा ओव्हन, आहे ना, त्यात वरचा रॉड लावून २३० वर दहा मिनिटं तापव, आणि जाळीला तेल लावून जाळी पण आतच तापू दे, गार जाळीवर मासा ठेवलास की चिकटलाच. खाली ट्रेमध्ये फॉइल घालून पेलाभर पाणी ओत, म्हणजे ठिबकलेलं तेल जळून घरभर धूर होत नाही. मासा ठेवल्यावर सात मिनिटं दार उघडायचं नाही. मग चमच्याने कडेने हलकं उचलून बघ, सहज सुटला तर उलट, नाही सुटला तर अजून दोन मिनिटं थांब, खाली खरपूस झाला की तो आपोआप सोडतो, ओढाताण केलीस की कातडं तिथेच राहणार आणि मासा हातात येणार. दुसरी बाजू चार-पाच मिनिटं. झाला की नाही ते सगळ्यात जाड चिरेत काटा घालून बघायचं, मांस काचेसारखं दिसत असेल तर कच्चं, दुधाळ पांढरं होऊन काट्यापासून सुटत असेल तर लगेच बाहेर काढ, "अजून थोडं असू दे" करू नकोस, बाहेर काढल्यावर पण तो आतल्या उष्णतेवर शिजतच राहतो. जिताड्याच्या जाड तुकड्यांना दोन-तीन मिनिटं जास्त.

ओटीजी नको असेल तर आजीचा बिडाचा तवा कडक तापवून त्यावर केळीचं पान ठेव आणि पानावर मासा, वरून झाकण. पान आधी गॅसच्या ज्योतीवरून फिरवून मऊ करायचं नाहीतर फाटतं. पान काळं पडतं, त्याचा वास माशाला लागतो आणि चिकटायचा प्रश्नच नाही. चव विचारशील तर मला ओटीजीपेक्षा हेच आवडतं, फक्त त्या रीलसारखे काळे पट्टे नाही येणार, फोटोला जरा कमी.

इथे मस्कतमध्ये उलट आहे बघ, मासा म्हटलं की निखारे. मत्राच्या मार्केटमधून किंगफिश, म्हणजे आपली सुरमईच, आणायची, मीठमसाला लावून भाजायची आणि लिंबाच्या भाताबरोबर खायची, रस्त्याच्या कडेला संध्याकाळी मिश्काकवाल्यांच्या, म्हणजे सळईवर मांसाचे तुकडे भाजून विकणाऱ्यांच्या, शेगड्या लागतात त्यांचा धूर तर लांबूनच कळतो. आमच्या कँपमधल्या पोरांना मी आपला हिरवा वाटणवाला करून घातला, शेगडी त्यांची आणि वाटण आपलं, एका केरळच्या पोराने कृती लिहून घेतली. म्हणजे आपला मसाला निखाऱ्यावर चालतो हे बघून झालंय, तू बिनधास्त कर.

बरोबर काय, तर तांदळाची भाकरी असेल तर सोनं, नाहीतर आमटी-भात सोडून नुसता भात पण चालेल. सोलकढी पाहिजेच. आगळ उघडलेलंच असणार, नारळाचं दूध काढायचा कंटाळा आला तर डब्यातलं आण, आजीला डबा दाखवू नकोस. तिच्यात मिरची आणि लसूण ठेचून घाल आणि मासा ओटीजीत जायच्या आधीच करून फ्रीजमध्ये ठेव, गरम मासा आणि गार सोलकढी असं पाहिजे, कारण ग्रिल केलेला मासा थांबत नाही, दहा मिनिटांत वातड होतो. आईला ट्रेनमधून उतरल्यावर मेसेज करायला सांग आणि मगच मासा आत टाक. कांदा पातळ चिरून, लिंबाची फोड, बास.

आणि दिवस बघून ठरव. सोमवार, गुरुवार आजीचे नसतात, चतुर्थी-एकादशी कॅलेंडरवर बघ, या महिन्यात संकष्टी कधी आहे ते तिलाच विचार म्हणजे तिला पण बरं वाटेल. बुधवारी करणार असशील तर तेवढाच आण जेवढा संपेल, गुरुवारी फ्रीजमध्ये माशाचा डबा दिसला तर आजी फ्रीजच पुसायला काढेल आणि तुला लावेल कामाला. शुक्रवार बरा. डोकी ग्रिल करू नकोस, त्यांच्यात खायला काही राहत नाही, कापून आजीकडे दे, ती त्याच रात्री कैरी घालून कालवण लावते, ते तुझ्या ग्रिलपेक्षा भारी लागलं तर मला कळव, लागणारच आहे.

बाबा