वाचक विचारतात : गाळ्यात विमान बांधायचं तर

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. वागळे इस्टेटमध्ये वडिलांचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. एकाच आसनाचं हलकं विमान स्वतः डिझाइन करून, गाळ्यातले पाइप आणि मोटरसायकलचं इंजिन वापरून करता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : विमान जरूर बांध, पण डिझाइन स्वतःचं नको. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, म्हणून कळकळीने सांगतो.

आँरी मिन्ये या फ्रेंच माणसाने १९३३ साली ‘फ्लाइंग फ्ली’ उडवलं. एकामागे एक दोन पंख, एलेरॉन (विमान डाव्या-उजव्या बाजूला कलवणाऱ्या पंखावरच्या झडपा) नाहीतच, पुढचा पंख कलवून नाक वर-खाली करायचं. घरी बसून बांधता येईल इतकं सोपं, त्यामुळे फ्रान्स-इंग्लंडमध्ये लोक त्यावर तुटून पडले. मग माणसं मरू लागली. विमान एकदा सूर मारू लागलं की दांडा मागे ओढूनही नाक वर येईना, उलट आणखी खाली जाई. कारण सापडलं ते मोठ्या विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून विमान तपासतात त्या बोगद्यात : पुढचा पंख कलवला की दोन पंखांमधल्या फटीतून हवा जोरात जाई आणि मागच्या पंखाची उचल वाढे. शेपटीकडची बाजू उचलली गेली की नाक खालीच जाणार. मिन्ये हुशार होता, स्वतः ते विमान उडवत होता, तरी ही गोष्ट त्याच्या नजरेतून निसटली. यादव यांचं उदाहरण तू देतोस, पण ते स्वतः वैमानिक आहेत आणि तरीही नोंदणी मिळायला त्यांना २०१७ साल उजाडलं.

आता पाइप. गाळ्यातला साधा एमएस (माइल्ड स्टील) पाइप विमानाच्या सांगाड्याला चालत नाही, तिथे ४१३० क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत पोलादाचा पाइप लागतो. तेवढीच ताकद एमएसमधून काढायची तर वजन वाढतं, आणि या विमानांत एकेक किलोला किंमत आहे. खिडक्यांचं अ‍ॅल्युमिनियम बहुधा ६०६३ या प्रतीचं असतं. विमानाच्या नकाशात ६०६१-टी६ ही जास्त मजबूत प्रत लिहिली असेल तर तेच घ्यायचं, सर्टिफिकेटसह.

मोटरसायकलचं इंजिन रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलवर किती वेळ चालतं? विमानात टेक-ऑफला पूर्ण ताकद आणि पुढे तासन्‌तास त्याच्या तीन चतुर्थांश लागते. शिवाय प्रोपेलर हळू फिरायला हवा. रोटॅक्स ९१२ यूएलएस हे हलक्या विमानांचं इंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत जातं, पण त्याला फेऱ्या २.४३ पटीने कमी करणारा गिअरबॉक्स जोडलेला असतो. त्याऐवजी घरी बनवलेल्या बेल्ट-ड्राइव्हमधली कंपनं क्रँकशाफ्ट मोडू शकतात.

तुझ्यासारख्याला मी ख्रिस हाइन्ट्झने डिझाइन केलेलं, घरी बांधता येणारं सीएच ७०१ विमान सुचवेन. पत्रा, पॉप रिव्हेट, पंखाच्या पुढे कायमची स्लॅट (कमी वेगातही उचल टिकवणारी पट्टी). तुझ्या हातांना हे काम ओळखीचं वाटेल. आधी फक्त रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) बांध. तो सरळ, पीळ न पडता झाला, तरच पुढचं सामान मागव.

आणि नकाशात बदल करू नकोस, सोयीचा वाटला तरी. बर्ट रुटान या अमेरिकी डिझायनरच्या लाँग-ईझेड या घरी बांधायच्या विमानात इंधनाची चावी वैमानिकाच्या पुढ्यात असते. एका बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. १९९७ मध्ये ते विमान गायक जॉन डेन्व्हर उडवत होते. टाकी बदलायला त्यांना मागे वळावं लागे. समुद्रावर असताना विमानाचा ताबा सुटला आणि ते गेले.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र रबाळ्याच्या गाळ्यात विमानाचं किट (तयार सुट्या भागांचा संच) जोडणार आहोत. खारघरच्या मैदानावरून उडवता येईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडताहेत, पलीकडे मुंबई विमानतळ आहेच. इथलं आकाश मोकळं नाही. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी हवी, उडवणाऱ्याकडे परवाना हवा. पत्रव्यवहार किट मागवण्याआधी सुरू करा. विमान ट्रकवर घालून लांबच्या धावपट्टीवर न्यावं लागेल, तेव्हा पंख सुटे होणारं डिझाइन निवडा आणि गाळ्याच्या शटरची रुंदी आजच मोजून घ्या.